शेजारी अपार्टमेंट येतंय: ‘नको’ म्हणण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. बेळगावात टिळकवाडीतल्या जुन्या बंगल्यांच्या गल्लीत लागून असलेले दोन प्लॉट, मिळून दहा गुंठे, एकाच बिल्डरने घेतलेत. स्टिल्ट (खाली नुसते कॉलम आणि गाड्यांची जागा) अधिक पाच मजले आणि वीस फ्लॅट होणार अशी चर्चा आहे. गल्ली कागदावर तीस फुटी. तुमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, मागे विहीर, गच्चीवर सोलर. गल्लीत दोन तट पडलेत. एक म्हणतो सह्या गोळा करून काम बंद पाडू, दुसरा म्हणतो आज त्यांचं आहे, उद्या आपलंही असेल, कशाला आडवं जायचं. आणि तुम्ही विचारताय की हे थांबवता येईल का.

बहुतेक नाही. जमीन रहिवासी झोनमध्ये असेल आणि नकाशा नियमात बसत असेल, तर कार्पोरेशनला तो मंजूर करावाच लागतो. शेजाऱ्यांची पसंती हा त्या तपासणीतला मुद्दाच नसतो. पण इमारत किती उंच, हद्दीपासून किती आत, किती गाड्यांची जागा ठेवून, पाया कसा खोदून आणि सांडपाणी कुठे सोडून उभी राहते, यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर तुम्ही परिणाम करू शकता. त्यासाठी आकड्यांत बोलावं लागतं आणि जोत्याच्या आधी बोलावं लागतं. ‘आमच्या गल्लीची शांतता जाईल’ या वाक्यावर इंजिनिअरला फाइलमध्ये काही लिहिता येत नाही. ‘गल्लीची रुंदी नकाशात ९ मीटर दाखवली आहे, जागेवर ७.६ मीटर भरते’ यावर लिहावंच लागतं.

आधी परवानगी कोणाची हे नक्की करा, कारण आपल्याकडे दोन गल्ल्यांत कार्यालय बदलतं. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, वडगाव इथे नकाशा कार्पोरेशनचा नगररचना विभाग मंजूर करतो. जमिनीचा वापर बदलायचा असेल किंवा प्लॉट एकत्र करायचे असतील तर बुडाचा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचा, संबंध येतो. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड. निपाणीत नगरसभा, खानापुरात पट्टण पंचायत. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलग्याकडच्या लोकांना एक सांगून ठेवतो: बुडाच्या नियोजन क्षेत्रातल्या गावात केवळ ग्रामपंचायतीच्या कागदावर चार-पाच मजले चढत असतील, तर तो कागद पुरेसा आहे असं धरू नका. नगरसेवकाला जरूर भेटा, पण नकाशा मंजूर करणं किंवा फेटाळणं त्याच्या हातात नसतं.

आणखी एक. पुणे-कोल्हापूरचे नातेवाईक फोनवर सल्ला देतील. ते एफएसआय म्हणतात, आपल्याकडे एफएआर म्हणतात. अर्थ एकच, प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं, पण तिकडचे आकडे, तिकडचा महारेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं प्राधिकरण) आणि तिकडची नियमावली इथे लागू नाही. इथे कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१, कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ आणि बुडाच्या मास्टर प्लॅनसोबतची झोनल नियमावली चालते.

आता कागद. तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, जमिनीचा झोन. प्लॉट रहिवासी झोनमध्ये असेल तर अपार्टमेंटसाठी जाहीर सूचना काढून हरकती मागवण्याची पद्धत नाही, त्यामुळे ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ या तक्रारीत फारसा दम राहत नाही. पण खाली दुकानं किंवा हॉस्पिटल काढण्यासाठी वापर बदलून मागितला असेल, तर कायद्याच्या १४-अ कलमाप्रमाणे वर्तमानपत्रात सूचना देऊन हरकतींसाठी किमान पंधरा दिवस द्यावे लागतात. ही सूचना बऱ्याचदा कन्नड दैनिकात येते आणि घरी फक्त मराठी पेपर येत असल्यामुळे गल्लीला पत्ताच लागत नाही. कुणातरी एकाने रोज कन्नड पेपरातल्या जाहीर सूचना चाळायचं काम अंगावर घ्यावं.

दुसरी, एकत्रीकरण. दोन्ही प्लॉटचे सीटीएस (सिटी सर्व्हेचे) उतारे काढा. सिटी सर्व्हेला अजून दोन नंबर वेगळे असतील आणि एकत्रीकरणाची मंजुरी नसेल, तर दोन्ही प्लॉटना एफएआर आणि सेटबॅक (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) वेगवेगळे लागतात. मधल्या हद्दीवरही दोन्ही बाजूंनी जागा सोडावी लागते आणि वीस फ्लॅटचा हिशेब तिथेच कोसळतो. प्लॉट एखाद्या जुन्या हौसिंग सोसायटीच्या लेआउटमधला असेल तर मूळ खरेदीपत्रही वाचा. ‘एक प्लॉट, एक राहतं घर’ अशी अट सापडली तर ती वकिलाला दाखवण्यासारखी आहे.

तिसरी, रस्त्याची रुंदी. एफएआर आणि उंची दोन्ही रस्त्याच्या रुंदीवर ठरतात, म्हणून नकाशात हा आकडा फुगवण्याचा मोह सर्वांत जास्त असतो. तीस मीटरची टेप घ्या आणि गल्लीत तीन ठिकाणी मापं घ्या: तोंडाशी, प्लॉटसमोर आणि जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे. कंपाउंड ते कंपाउंड एक माप, गटारी सोडून फक्त डांबराचं दुसरं. टेप धरलेला फोटो काढा, आकडा वाचता यायला हवा. नंतर सीटीएस नकाशावरची रुंदी ताडून पाहा. फरक निघाला तर तुमच्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच. मात्र एक धोका आहे. अतिक्रमण गल्लीतल्याच कुणाच्या कंपाउंडने केलेलं असू शकतं, तुमच्याही. हे आधी मोजून घ्या, कार्यालयात पहिल्यांदा कळायला नको.

मंजुरीची प्रत हाती आली की ती कन्नडमध्ये असेल. चार शब्द ओळखता आले तरी बरंच काम होतं. ‘कट्टड परवानिगे’ म्हणजे बांधकाम परवाना, ‘अंतस्तु’ म्हणजे मजला, ‘रस्तेय अगल’ म्हणजे रस्त्याची रुंदी आणि ‘षरत्तुगळु’ म्हणजे अटी, आपल्या ‘शर्ती’चाच भाऊ. सगळे पहिलं पान पाहून कागद खाली ठेवतात. तुमचं काम बहुतेक मागच्या पानावरच्या षरत्तुगळूंमध्ये असतं.

आता मजल्यांकडे येऊ. इथे थोडं थांबून हिशेब करू, कारण सगळ्या वादाची किल्ली यात आहे. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, साधारण १,०११ चौरस मीटर. प्लॉट ३० मीटर बाय ३३.७ मीटर धरू. इमारत जितकी उंच तितकं सभोवार अंतर जास्त, हे तत्त्व सगळीकडे सारखं. नॅशनल बिल्डिंग कोडच्या तक्त्यात १५ मीटर उंचीला ५ मीटर आणि १८ मीटर उंचीला ६ मीटर आहे. झोनल नियमावलीतला तक्ताही उंचीबरोबर असाच चढत जातो. तुमच्या प्लॉटला लागू पडणारा नेमका आकडा तिथून घ्या, पद्धत समजण्यासाठी मी कोडचे आकडे धरतो.

स्टिल्ट २.६ मीटर आणि प्रत्येक मजला ३ मीटर. स्टिल्ट अधिक चार झाले तर उंची १४.६ मीटर. चारी बाजूंनी ५ मीटर सोडले तर इमारतीखाली २० बाय २३.७, म्हणजे ४७४ चौरस मीटर जागा मिळते. चार मजल्यांचे १,८९६. स्टिल्ट अधिक पाच झाले तर उंची १७.६ मीटर, चारी बाजूंनी ६ मीटर, खाली उरतात १८ बाय २१.७, म्हणजे ३९० चौरस मीटर. पाच मजल्यांचे १,९५३. एक अख्खा मजला चढवून मिळाले किती, तर ५७ चौरस मीटर. समजा एफएआर १.७५ आहे, तर परवानगी एकूण १,७६९ चौरस मीटरचीच, आणि ती दोन्ही पर्यायांत बसते. म्हणजे नियमाप्रमाणे सेटबॅक सोडले तर पाचव्या मजल्याने बिल्डरला फारसा फायदा नाही.

मग पाचवा मजला कशासाठी? बहुतेक वेळा कारण एकच असतं. उंची पाच मजल्यांची आणि सेटबॅक चारचे किंवा त्याहून कमी, असा बेत असतो. म्हणून ‘पाच मजले नकोत’ असं म्हणण्यापेक्षा ‘पाच मजल्यांचे सेटबॅक दाखवा’ असं म्हणा. ते दाखवायला लागले की बिल्डर स्वतःहून चारवर येण्याची शक्यता जास्त. यात एक खाच आहे. स्टिल्ट उंचीत धरायचा की नाही, हे नियमावलीतल्या ‘इमारतीची उंची’ या व्याख्येवर ठरतं आणि ओढाताण नेमकी तिथेच होते. ती व्याख्या शब्दशः वाचा. प्रीमियम एफएआर, म्हणजे शुल्क भरून घेतलेला वाढीव एफएआर, मागितला आहे का हेही पाहा, कारण मग वरचा हिशेब बदलतो.

पंधरा मीटरची रेष आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ पंधरा मीटर आणि त्यापुढच्या इमारतीला उंच इमारत म्हणतो. तिच्यासमोरचा रस्ता किमान १२ मीटरचा हवा, आत शिरायचं गेट किमान ६ मीटर रुंद हवं आणि सभोवारच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायच्या नाहीत, असंही तो सांगतो. तुमची गल्ली बाराची नाही, नऊची आहे. कोड स्वतःहून कायदा नाही, राज्याचे नियम तो जितका उचलतात तितकाच बांधील असतो. तरीही अग्निशमन विभागाला लिहिताना हा मुद्दा मांडा. नकाशात उंची १४.९० किंवा १४.९५ लिहिलेली दिसली, तर ती कुठून कुठपर्यंत मोजली ते विचारा. जोतं दीड फूट उचललं की पंधराची रेष सहज ओलांडली जाते.

पार्किंगमध्ये गंमत आणखी स्पष्ट होते. स्टिल्टमध्ये एका मोटारीला, वळायच्या जागेसकट, साधारण २८ चौरस मीटर लागतात. चार मजल्यांच्या पर्यायात ४७४ मधून जिना, लिफ्ट, मीटरची खोली यांचे साठ वजा केले तर चौदा गाड्या बसतात. पाच मजल्यांच्या पर्यायात ३९० मधून तेवढेच वजा केले तर अकरा. इमारत उंच आणि पार्किंग कमी! वीस फ्लॅट, अकरा मोटारी, उरलेल्या नऊ आणि पाहुण्यांच्या गाड्या कुठे? तुमच्या गेटसमोर. नकाशात वीस चौकोन काढलेले असतीलच. ते तपासायची सोपी रीत अशी: दोन कॉलममधलं स्वच्छ अंतर पाहा. दोन मोटारी शेजारी शेजारी लावायला पाच मीटर मोकळे हवेत. कॉलम साडेतीन मीटरवर असतील तर तिथे एकच गाडी बसते, चौकोन दोन काढले तरी. सेटबॅकमध्ये काढलेले चौकोन आणि एका गाडीमागे दुसरी अडकवलेले चौकोनही वेगळे मोजा.

पाणी. माणशी दिवसाला १३५ लिटर हे नेहमीचं प्रमाण. वीस फ्लॅट, घरटी पाच माणसं, म्हणजे दिवसाला १३,५०० लिटर. आधी दोन बंगल्यांत मिळून दहा माणसं असतील तर १,३५०. दहापट. राकसकोप आणि हिडकलचं पाणी तुमच्या वॉर्डात चोवीस तास येतं की चार-पाच दिवसांआड, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पाच दिवसांआड येत असेल तर सुमारे ६७,००० लिटरची जमिनीखालची टाकी लागेल. नकाशात वीस हजाराची दाखवली असेल तर बाकीचं टँकरने येणार किंवा बोअरवेलमधून. सहा हजार लिटरचा टँकर धरला तर टाकी संपल्यावर रोज दोन-अडीच खेपा, त्याही तीस फुटी गल्लीत, आणि उन्हाळ्यात बोअर तुमच्या विहिरीशी पाण्याची वाटणी करणार. आत्ताच विहिरीच्या पाण्याची पातळी महिन्यातून एकदा, काठापासून किती फूट खाली आहे ते मोजून तारखेसह लिहायला लागा. नंतर विहीर आटल्याची तक्रार करताना याच वहीचा उपयोग होईल.

सांडपाण्याचे त्यातले ऐंशी टक्के, म्हणजे रोज सुमारे १०,८०० लिटर. जुन्या गल्ल्यांत ड्रेनेजची लाइन बऱ्याचदा सहा इंची असते. पावसाळ्यात तुमचं चेंबर आत्ताच तुंबत असेल तर तो फोटो हरकतीला जोडा आणि मागणी ठेवा की लाइन मुख्य चेंबरपर्यंत मोठी करून मगच जोडणी द्यावी.

पावसाचं पाणी लोक विसरतात. आपल्या गावात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तासात पन्नास मिलिमीटरची एक सर आली तर या प्लॉटवर पन्नास हजार लिटर पाणी पडतं. बाग होती तेव्हा त्यातलं पंधरा-वीस हजार गटारीत जायचं, बाकी मुरायचं. सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर झाले की पंचेचाळीस हजार. ऑगस्ट २०१९ मध्ये शहरातल्या किती घरांत पाणी शिरलं होतं ते गल्लीला आठवत असेलच. शोषखड्डा हवाच, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. जुलैत जांभा पाण्याने भरलेला असतो, विहिरी काठाला येतात, तेव्हा खड्डा काही घेत नाही. पाणी धरून ठेवणारी टाकी आणि ती ओसंडली तर कुठल्या गटारीत जाणार, हे दोन्ही नकाशात दिसलं पाहिजे. याच कारणाने या भागात तळघरातलं पार्किंग हा मला वाईट पर्याय वाटतो. चार महिने पंप चालू ठेवायचा आणि ते पाणी गल्लीत सोडायचं, हे त्याचं पुढचं आयुष्य.

आता खोदाई. तुमच्या घराला खरा धोका इथे आहे आणि चर्चा मात्र यावर सर्वांत कमी होते. जांभ्याचं जुनं घर, मातीत किंवा चुन्यात बांधलेलं, पाया जेमतेम मीटरभर खोल. शेजारी तीन मीटर खड्डा गेला तर तुमच्या पायाखाली दोन मीटर उघडी कड तयार होते. साधा आडाखा असा की पायाच्या तळापासून पंचेचाळीस अंशांची उतरती रेष काढायची. खड्डा त्या रेषेच्या आत आला की पाया धोक्यात. म्हणजे इथे किमान दोन मीटर अंतर हवं, माती ओली असेल तर त्याच्या दुप्पट. तुम्ही म्हणाल, सेटबॅक तर पाच मीटर आहे. इमारतीला आहे, खड्ड्याला नाही. जेसीबीवाला काम करायला जागा हवी म्हणून हद्दीपर्यंत खणतो. जांभा कोरडा असताना भिंतीसारखा सरळ उभा राहतो आणि सगळ्यांना फसवतो. त्याच्याखालची साबणासारखी मऊ माती पाणी लागलं की सरकते, आणि वरचा जांभा चिऱ्याचिऱ्याने खाली येतो. शहापूर-वडगावकडे काळी माती असेल तर तऱ्हा वेगळी. ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि शेजारी पाणी उपसलं तरी तडे जाऊ शकतात.

म्हणून मागण्या नेमक्या ठेवा. तुमच्या बाजूची खोदाई मे महिन्याच्या आधी किंवा पावसाळा संपल्यावर व्हावी. ती सलग न करता तीन-तीन मीटरच्या टप्प्यांत, एक सोडून एक अशी व्हावी. दीड मीटरच्या खाली उभी कड ठेवायची असेल तर आधार द्यावा. कठीण थर लागला तर तुमच्या भिंतीजवळ ब्रेकर कमीत कमी वापरावा. आणि काम सुरू होण्याआधी तुमच्या घराची पाहणी करून घ्या. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत, फरशी, कंपाउंड, विहिरीचा काठ, सगळ्यांचे तारखेसह फोटो काढा. जुना तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा आणि मध्ये काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवा. तडा हलला की काच तुटते, वाद राहत नाही. स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरची सही असलेला हा अहवाल बिल्डरला आणि कार्पोरेशनला स्पीड पोस्टाने पाठवा. जुने तडे लपवू नका. एक लपवलेला सापडला की बाकीच्या सगळ्यांवरचा विश्वास जातो.

बिल्डरला विचारण्यासारखा आणखी एक तांत्रिक प्रश्न आहे. भूकंपाचं भारतीय मानक आयएस १८९३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत बेळगाव भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे. खाली नुसते कॉलम आणि वर विटांच्या भिंतींचे चार-पाच मजले, अशा इमारतीचा कमकुवत मजला म्हणजे स्टिल्ट. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा कितीतरी इमारती बसल्या. स्टिल्टमध्ये काँक्रीटच्या शिअर वॉल (आडवा धक्का सोसणाऱ्या सलग भिंती) आहेत का, एवढं विचारा. ही इमारत पडली तर तुमच्या अंगणात पडेल, तेव्हा हा प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला आहेच.

उजेड-वाऱ्याबद्दल लोकांच्या अपेक्षा जास्त असतात. ‘आमचा व्ह्यू जातो’ याला कायद्यात जागा नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या १५ व्या कलमात मात्र वीस वर्षं विनाअडथळा मिळालेल्या उजेडाला आणि हवेला संरक्षण आहे. पण ते ठरावीक खिडकीपुरतं, आणि राहणं खरोखर कठीण होण्याइतका फरक पडला तरच. सूर्याचा हिशेब करता येतो. तुमचं घर इमारतीच्या उत्तरेला असेल तर डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवर असतो. तुमची भिंत हद्दीपासून दोन मीटर आत धरली आणि कठड्याचा एक मीटर मिळवला, तर पाच मजल्यांची सावली तुमच्या भिंतीवर ८.८ मीटर उंचीपर्यंत चढते, चार मजल्यांची ७ मीटरपर्यंत. तळमजल्याचं ऊन दोन्हीकडे जाणार, यात फसवणूक नको. पण तळमजला आणि वर एक मजला असलेल्या घराची गच्ची साधारण सात मीटरवर असते. म्हणजे तुमचा सोलर एका पर्यायात सावलीत बसतो, दुसऱ्यात उन्हात राहतो. घर दक्षिणेला असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

माहिती काढायची रीत. वीस फ्लॅट आणि हजार चौरस मीटर म्हणजे कर्नाटक रेराची नोंदणी लागतेच. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तरच सूट आहे. रेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि मजल्यांची संख्या फुकट पाहता येते. नोंदणीआधीच व्हॉट्सॲपवर ब्रोशर फिरत असेल तर ते जपून ठेवा, नोंदणीशिवाय जाहिरात करायला बंदी आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना आपल्या लोकांचं इथे हमखास चुकतं. कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा यांतल्या अर्जाला मान्यता देतो, म्हणून नुसता मराठी अर्ज देऊन महिना वाया घालवू नका. कन्नड किंवा इंग्रजीत द्या. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे. पंधरा प्रश्नांचा लांबलचक अर्ज याच कारणाने परत येतो. तीन स्वतंत्र अर्ज करा: मंजूर नकाशा आणि परवाना अटींसह, एकत्रीकरणाचा आदेश, अग्निशमन व ड्रेनेजचे अभिप्राय. प्रत्येकाला दहा रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून बिल्डरला विचारणा झाली तर चाळीस दिवस. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील.

हरकतीचं पत्र एक पानाचं ठेवा. कार्पोरेशन आयुक्तांच्या नावे, नगररचना विभागाला प्रत, आवक शिक्का मारलेली पोच स्वतःकडे. कन्नड मजकूर वर, मराठी मागे जोडायचा असेल तर जोडा. रस्त्याची मापं, उंचीनुसार सेटबॅक, पार्किंगचा हिशेब, ड्रेनेज, खोदाई, एवढंच लिहा. दोनशे सह्यांपेक्षा लागून असलेल्या चार घरांच्या सह्या आणि टेपचे फोटो जास्त उपयोगी पडतात. ‘बाहेरची माणसं येतील’, ‘भाडेकरू येतील’, ‘आमच्यातले राहणार नाहीत’ अशी वाक्यं काढून टाका. ती चुकीची आहेतच, शिवाय बिल्डरचा वकील पहिल्यांदा तीच वाचून दाखवतो.

कोर्टात जायचंच तर वेळ फार महत्त्वाची. बिल्डरने कॅव्हेट टाकलेलं असू शकतं. ते नव्वद दिवस टिकतं आणि त्या काळात त्याला ऐकल्याशिवाय तुम्हाला मनाई मिळत नाही. तीन स्लॅब पडल्यावर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात गेलात तर पहिला प्रश्न येईल, इतके दिवस काय करत होता. उलट जोत्याच्या वेळीच तुम्ही सेटबॅक मोजून, फोटो लावून लेखी कळवलं असेल, तर महानगरपालिका कायद्याच्या ३२१ कलमाखाली नोटीस काढणं कार्यालयाला टाळता येत नाही. जोत्याच्या दिवशी हद्दीपासून पहिल्या रांगेतल्या कॉलमच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावा आणि वर बाल्कनी किती बाहेर येणार ते नकाशात पाहा. सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात मंजूर नकाशा बांधकामाच्या जागेवर लावायला सांगितलं आहे, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये असंही. साइटवर नकाशा लावलेला नसेल तर पहिलं पत्र त्यावरच लिहा.

आता गल्लीतले दोन तट. ज्यांनी प्लॉट विकला त्यांना खलनायक करू नका. चार भावंडं, एक पुण्यात, एक बेंगळुरात, कौलं दर पावसाळ्याला चाळायला लागतात आणि वाटणी विटांची करता येत नाही. अशा घरांना विकण्यावाचून मार्ग नसतो, आणि वय झालेल्या माणसांना लिफ्टचा फ्लॅट बंगल्यापेक्षा सोयीचा असतो. दुसऱ्या तटाचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. उद्या तुम्हीही विकणार असाल तर आज शेजारी मोडलेला सेटबॅक उद्या तुमच्या प्लॉटची किंमत कमी करतो. गल्लीची बैठक घ्या तेव्हा ‘हवं की नको’ असा हात वर करायला लावू नका. वरचे आकडे कागदावर मांडून कुठल्या पाच अटी मागायच्या एवढंच ठरवा.

आणि बिल्डरला मंजुरीच्या आधी भेटा. तो खर्चाच्या गोष्टींना लगेच हो म्हणणार नाही, पण फुकटच्या किंवा स्वस्तातल्या खूप गोष्टी सहज मान्य करतो, कारण त्यालाही जोत्याच्या वेळी नोटीस नको असते. तुमच्या बाजूच्या बाथरूमच्या खिडक्या पाच फुटांच्या वर. जनरेटर आणि त्याचा धूर रस्त्याकडे. ट्रान्सफॉर्मर त्याच्या हद्दीत, गल्लीत नाही. गेट तुमच्या गेटसमोर नको, किमान एक गाडीभर सरकवून. काम सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, स्लॅबचे दिवस आधी कळवून. खडी-वाळू गल्लीत नाही. सामायिक कंपाउंड खोदाईत पडलं तर पहिल्या स्लॅबआधी बांधून द्यायचं. तड्यांच्या दुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम एखाद्या बँकेत दोघांच्या नावे ठेवायची आणि पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर दुसरा पावसाळा उलटला की मोकळी करायची, कारण पायाचे तडे पहिल्या पावसात दिसतात आणि दुसऱ्यात वाढतात. हे सगळं स्टॅम्प पेपरवर, तुमच्या पाहणी अहवालाची प्रत जोडून. त्याने सही करायला नकार दिला तरी हाच कागद पत्र म्हणून पाठवा आणि पोच ठेवा.

तुमचं घर प्लॉटच्या कुठल्या दिशेला आहे, सीटीएस नकाशात गल्लीची रुंदी किती दिसते आणि पाणी किती दिवसांआड येतं, ही तीन उत्तरं इथे लिहिलीत तर वरचे आकडे तुमच्यापुरते नेमके करून देता येतील.